प्रवासातून आणलेले रोल दरवेळी करडे किंवा पट्टेदार येतात: विमानतळावरच्या एक्स-रेपासून फिल्म वाचवण्यासाठी

लक्षण नेहमीचे आहे. घराजवळ वापरलेले रोल स्वच्छ धुऊन येतात. विमानाने नेऊन आणलेले रोल मात्र दुधाळ येतात. सावल्यांत काळा रंग उरत नाही, दाणा (चित्रातला रवाळपणा) वाढलेला दिसतो आणि कधी कधी संपूर्ण निगेटिव्हवर लाटेसारखा पट्टा फिरलेला असतो. लॅब बदलली, कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाचा फोम बदलला, तरी पुढच्या प्रवासानंतर तेच. अशा वेळी संशय एक्स-रेवर घ्यावा, पण आधी निगेटिव्ह नीट वाचावी. दोष चुकीच्या ठिकाणी शोधला तर पुढचा रोलही जातो.

निगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवा

सर्वात आधी कडेचे आकडे आणि फिल्मचे नाव पाहा. ही अक्षरे कारखान्यातच फिल्मवर उमटवलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. आकडे फिके असतील तर डेव्हलपर (फिल्म धुण्याचे रसायन) थकलेला होता किंवा वेळ कमी पडला, म्हणजे दोष धुण्यात आहे. आकडे ठसठशीत आहेत, पण दोन फ्रेममधली रिकामी जागा आणि छिद्रांची पट्टी नेहमीपेक्षा गडद आहे, तर रोल फॉग झाला आहे, म्हणजे चित्राशी संबंध नसलेला करडेपणा त्यावर चढला आहे.

फॉगची कारणे अनेक असतात. कॅमेऱ्यातून प्रकाश गळत असेल तर डाग ठरावीक जागी येतो, बहुधा बिजागरीच्या बाजूला, आणि प्रत्येक फ्रेममध्ये थोड्याफार फरकाने त्याच ठिकाणी. रंगीत फिल्मवर तो अनेकदा लालसर-नारिंगी असतो, कारण प्रकाश फिल्मच्या पाठीकडून शिरतो. उन्हात उभ्या गाडीत राहिलेला किंवा मुदत उलटलेला रोल सगळीकडे सारखाच करडा होतो आणि रंगही एका बाजूला झुकतात.

एक्स-रेचा पट्टा ओळखू येतो तो त्याच्या आकारावरून. कागदाची सुरळी तिरकी कापा आणि उलगडा, कापलेली कडा नागमोडी दिसेल. गुंडाळलेल्या रोलमधून किरणांची अरुंद पट्टी तिरकी गेली की फिल्मवर नेमके तेच उमटते. ३५ मिमीच्या डबीत ३६ फ्रेमचा भरलेला रोल बाहेरून सुमारे २० मिमी व्यासाचा असतो आणि आतली दांडी सुमारे ११ मिमीची. त्यामुळे बाहेरच्या वेढ्यांवर लाट दर ६ सेंमीच्या आसपास परत येते आणि दांडीजवळ दर साडेतीन सेंमीला. पहिल्या फ्रेमकडून छत्तिसाव्या फ्रेमकडे जाताना लाटा आखूड होत जातात. फ्रेमच्या सीमा न जुमानता, छिद्रांवरूनही चालत जाणारी आणि हळूहळू आखडत जाणारी लाट प्रकाशगळतीने पडत नाही. पट्टी पसरट असेल किंवा रोल नेमका आडवा ठेवला असेल, तर लाट न पडता सगळा रोल एकसारखा करडा होतो. मग केवळ निगेटिव्ह पाहून एक्स-रे आणि उष्णता वेगळे करणे अवघड जाते.

यावर पक्का उपाय म्हणजे साक्षीदार रोल. प्रवासाला निघताना त्याच बॅचचा एक रोल घरच्या फ्रिजमध्ये ठेवा. बॅच नंबर खोक्यावर मुदतीच्या तारखेशेजारी असतो. परतल्यावर घरच्या आणि प्रवासातल्या अशा दोन्ही रोलच्या सुरुवातीचा, फोटो न काढलेला, दहा-दहा सेंमीचा तुकडा अंधारात कापा आणि एकाच टाकीत, एकाच द्रावणात धुवा. उजेडात येणारी जीभ (डबीबाहेरचे टोक) घेऊ नका, ती तशीही काळी होते. त्याच्या आतला भाग घ्या. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो. स्कॅनरवर तपासायचे असेल तर एक्स्पोजर लॉक करून दोन्ही एकत्र स्कॅन करा. ऑटोवर ठेवलात तर सॉफ्टवेअर फरक पुसून टाकेल.

मशीन दोन जातींची आहेत, आणि सगळा प्रश्न इथे आहे

वर्षानुवर्षे सांगितले गेले की आयएसओ (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ८०० च्या खालची फिल्म बिनधास्त मशीनमधून जाऊ द्या. हा सल्ला हातातल्या सामानाच्या जुन्या, सपाट चित्र दाखवणाऱ्या मशीनसाठी होता. त्या मशीनमध्ये बॅग पट्ट्यावरून सरकताना किरणांच्या पंख्यासारख्या पातळ झोतातून एकदा जाते. मात्रा कमी असते. आयएसओ ४०० पर्यंतची फिल्म अशा चार-पाच फेऱ्या सोसते.

नव्या मशीन सीटी पद्धतीच्या आहेत. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनप्रमाणे किरणांचा उगम बॅगेभोवती फिरतो, शेकडो कोनांतून चित्रे घेतो आणि ऑपरेटरला बॅग पडद्यावर फिरवून दाखवतो. सुरक्षेसाठी हे चांगले आहे, फिल्मसाठी वाईट. कोडॅकचा सल्ला स्पष्ट आहे: न धुतलेली फिल्म अशा मशीनमधून एकदाही जाऊ देऊ नका. आयएसओ १०० असली तरी नाही. धीम्या फिल्मवर परिणाम कमी दिसतो, पण दिसतो.

चेक-इन सामानाचा तर विचारच करू नका. मोठ्या विमानतळांवर ते सामान तुमच्या नजरेआड जास्त ताकदीच्या मशीनमधून जाते. तिथली काही मशीन आधी हलके स्कॅन करतात आणि शंका येईल त्या जागेवर तीव्र, अरुंद झोत टाकतात. सेंटिमीटरभर रुंदीचे ठसठशीत पट्टे येतात ते इथूनच.

मशीन ओळखायची कशी? जुने मशीन चौकोनी खोके असते, बोगदा आखूड, तोंडाशी रबरी झालर, आणि कर्मचारी लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. सीटी मशीन मोठे, बहुधा गोलाकार आवरणाचे, लांब बोगद्याचे असते. आतून फिरणाऱ्या भागाचा सलग घूं-घूं आवाज येतो. सर्वात सोपी खूण म्हणजे लॅपटॉप आणि पाण्याच्या बाटल्या बॅगेतच ठेवा असे सांगितले जाते. नाव वाचता आले तर आणखी बरे. स्मिथ्स डिटेक्शनच्या ‘हाय-स्कॅन ६०४० सीटीआयएक्स’मध्ये सीटी आहे. त्याच घराण्यातले ‘६०४० एटीआयएक्स’ मात्र अनेक बाजूंनी साधे एक्स-रे घेणारे मशीन आहे, सीटी नव्हे. अ‍ॅनालॉजिकचे ‘कनेक्ट’ आणि रॅपिस्कॅनचे ‘९२० सीटी’ ही सीटी मशीन. ‘नवीन दिसते’ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

ॲमस्टरडॅमच्या स्किपोलवर हातातल्या सामानासाठी सीटी मशीनच आहेत, लंडनच्या हीथ्रोवर आणि अमेरिकेत अनेक ठिकाणी ती बसली आहेत. भारतात नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने मोठ्या विमानतळांना अशी मशीन बसवायला सांगितले आहे. त्यामुळे एकाच टर्मिनलमध्ये एका रांगेत जुने आणि शेजारी नवे मशीन असू शकते. मागच्या वर्षी ज्या विमानतळावर रोल सुखरूप सुटला, तिथे यंदा सुटेलच असे नाही. दरवेळी रांगेत उभे राहण्यापूर्वी मशीनकडे बघा.

फिल्म काहीच विसरत नाही

फिल्मवरची मात्रा साठत जाते. सोमवारी पडलेला किरण मंगळवारी उतरत नाही. फोटो काढण्याआधी पडला काय, काढल्यानंतर पडला काय, धुतल्यावर तो करडेपणा म्हणूनच उमटतो. म्हणून फेऱ्या मोजाव्या लागतात आणि मोजताना आपण बऱ्याच फेऱ्या विसरतो.

मुंबई–दुबई–लंडन असा प्रवास घ्या. मुंबईत निघताना एक. दुबईत विमान बदलताना पुन्हा तपासणी, दोन. लंडनहून परतताना तीन, दुबईत चार. मुंबईत उतरल्यावर कस्टमच्या मशीनमध्ये हातातली बॅग टाकावी लागली तर पाच. मध्ये युरोपात एक छोटे उड्डाण घातले की सहा. यातले एक जरी मशीन सीटी असेल तर बाकीचा हिशेब व्यर्थ. श्रीनगरला टर्मिनलच्या बाहेरच्या फाटकावर एकदा आणि आत पुन्हा बॅग तपासली जाते. तिथे एका उड्डाणाच्या निदान दोन फेऱ्या धरा.

विमानतळाबाहेरही मशीन आहेत आणि ही गोष्ट आपल्याकडे फारच दुर्लक्षित राहते. दिल्ली मेट्रोत प्रत्येक प्रवेशाला बॅग पट्ट्यावर जाते. मुंबई मेट्रोत, मोठ्या रेल्वे स्थानकांच्या दारांवर, २००८ नंतर पंचतारांकित हॉटेलांत, काही मॉलमध्ये आणि देवस्थानांत बॅगा स्कॅन होतात. कॅमेऱ्याच्या बॅगेत चार सुटे रोल कायम ठेवून रोज मेट्रोने जाणाऱ्याच्या रोलवर महिन्याभरात चाळीस फेऱ्या सहज होतात. ‘विमानात बसलोच नाही तरी रोल करडे कसे’ याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. रोजच्या बॅगेत तेवढ्या दिवसापुरताच रोल ठेवा, उरलेले घरी.

मोजणीसाठी प्रत्येक डबीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि प्रत्येक फेरीला पेनने एक रेघ मारा. आयएसओ ४०० ला पाच रेघा झाल्या की तो रोल पुढच्या मशीनपूर्वी धुवायला द्या. पुश करायचे ठरवले असेल, म्हणजे ट्राय-एक्स किंवा एचपी५ ही ४०० ची फिल्म १६०० वर वापरायची असेल, तर ती फिल्म १६०० चीच समजा. डेव्हलपिंग वाढवले की चित्राबरोबर फॉगही वाढतो. डेल्टा ३२००, टी-मॅक्स पी३२००, पोर्ट्रा ८००, सिनेस्टिल ८००टी या वेगवान फिल्मना जुन्या मशीनचीही एकसुद्धा रेघ नको.

डबड्या कॅमेऱ्यातली फिल्मही फिल्मच. कोडॅकचा फनसेव्हर हा एकदाच वापरायचा कॅमेरा आयएसओ ८०० चा आहे, इन्स्टॅक्सही ८०० चे आणि पोलरॉइडच्या बहुतेक फिल्म ६४० च्या. लग्नात वापरायला परदेशाहून मागवलेले किंवा नेलेले असे कॅमेरे अनेकदा चेक-इन बॅगेत टाकले जातात आणि मग फोटो निस्तेज येतात.

कशाला भिऊ नये तेही सांगायला हवे. धुतलेल्या निगेटिव्ह, स्लाइड आणि छापील फोटोंना एक्स-रेने काही होत नाही, मेमरी कार्डालाही नाही. आपण ज्या चौकटीतून चालत जातो ती धातूशोधक चौकट आणि हातातला शोधक दोन्ही चुंबकीय क्षेत्रावर चालतात, फिल्मला त्यांचा त्रास नाही. हात वर करून उभे राहायचे मिलिमीटर-लहरींचे बॉडी स्कॅनरही निरुपद्रवी. स्फोटकांसाठी डबीवरून जी पट्टी पुसतात, तीही.

बॅग कशी भरावी

हाताने तपासणी मिळणे किंवा न मिळणे निम्मे तुमच्या भरण्यावर अवलंबून असते. तपासणाऱ्याला अर्ध्या मिनिटात सगळे दिसले पाहिजे.

रोल खोक्यांतून बाहेर काढा. ३५ मिमीचे रोल पारदर्शक डब्यांत घाला. कोडॅकचे डबे काळे असतात, तिथे फुजीचे पारदर्शक डबे कामी येतात. डबे मिळाले नाहीत तर रोलच्या नुसत्या धातूच्या डब्या चालतात. १२० च्या, म्हणजे कागदी पाठीच्या रुंद रोलचे फॉइल मात्र फोडू नका. वापरून झालेला १२० चा रोल कागदी पट्टीने घट्ट चिकटवा आणि एखाद्या कडक डबीत ठेवा, कारण सैल पडलेल्या वेढ्यांच्या कडेने प्रकाश शिरतो. हे सगळे एकाच पारदर्शक झिप पिशवीत घाला आणि ती पिशवी बॅगेत सर्वात वर ठेवा. ३५ मिमीच्या डब्या धातूच्या असतात, खिशात ठेवून चौकटीतून गेलात तर चौकट वाजेल आणि वर संशय वाढेल. उघड हातात धरा.

पिशवीत फक्त फिल्म असावी. बॅटऱ्या, पॉवर बँक, केबल, लेन्स हे वेगळे ठेवा आणि निमूटपणे मशीनमधून जाऊ द्या. सगळ्याच गोष्टी हाताने तपासा म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

कॅमेरा रिकामा न्या. आत रोल असेल तर तो हाताने तपासताना मागचे झाकण उघडायला सांगतात आणि तिथेच फ्रेम जातात. अर्धाच झालेला रोल असेल तर फ्रेमचा आकडा चिकटपट्टीवर लिहा आणि हाताने हळू गुंडाळा. जीभ कॅमेऱ्यातल्या दांडीवरून सुटल्याचा ‘टक्’ जाणवला की थांबा, म्हणजे टोक बाहेर राहते. पुढे तोच रोल परत भरताना लेन्सला झाकण लावा, सर्वात लहान ॲपर्चर आणि सर्वात वेगवान शटर ठेवा आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन फ्रेम पुढे जाईपर्यंत रिकामे शॉट मारा. मोटर असलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत टाचणीच्या टोकाने दाबायचे छोटे बटण असते. त्याने रोल पूर्ण आत जातो, मग टोक बाहेर काढायला लीडर रिट्रीव्हर लागतो.

काउंटरवर

अमेरिकेत प्रवाशाने मागितल्यास फोटोचे साहित्य आणि फिल्म एक्स-रेशिवाय तपासावी असा संघीय नियमच आहे, तिथे सहसा अडचण येत नाही. ब्रिटन, युरोप आणि भारतात निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा. भारतात बहुतेक मोठ्या विमानतळांवर हे काम सीआयएसएफकडे असते आणि नियम हातात धरून वाद घालण्यापेक्षा विनंती जास्त चालते.

गर्दीच्या वेळेपूर्वी पोहोचा. नेहमीपेक्षा निदान पाऊण तास अधिक ठेवा. ट्रे भरणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोलून उपयोग नसतो, त्याच्या हातात अधिकार नाही. रांगेच्या टोकाशी उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरला किंवा शिफ्ट इन्चार्जला गाठा, बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधीच. हिंदीत दोन वाक्ये पुरतात: “सर, ये कैमरे की रील है, अभी धुली नहीं है। एक्स-रे से ख़राब हो जाती है, प्लीज़ हाथ से चेक कर लीजिए।” ‘फिल्म’ म्हटले की पेन ड्राइव्हवरचा सिनेमा समजणारे कर्मचारी भेटतात, ‘रील’ म्हटले की वयस्कर हवालदाराला लगेच कळते. तरुण कर्मचाऱ्याने रोल कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्यासाठी एक मुदत उलटलेला, टोक बाहेर असलेला रोल जवळ ठेवा. तो ओढून दाखवला की प्रश्न मिटतो.

“आठशेच्या खालची आहे, काही होत नाही,” असे उत्तर मिळाले तर मशीन सीटी आहे का हे विचारा. जुने मशीन असेल आणि रोल ४०० चा असेल तर हट्ट सोडा, रेघ मारा आणि जाऊ द्या. सीटी असेल तर शेजारच्या जुन्या मशीनच्या रांगेतून पिशवी पाठवता येईल का विचारा. ही विनंती हाताच्या तपासणीपेक्षा सहज मान्य होते, कारण त्यात अधिकाऱ्याला नियम वाकवावा लागत नाही. तरीही नकार आला तर तिथे पुढे काही करता येत नाही. रोल ओळखू येईल अशी खूण करा आणि धुताना वेगळा ठेवा.

शिशाची पिशवी?

शिशाचा थर असलेल्या पिशव्या विकत मिळतात. जुन्या मशीनमध्ये त्या मात्रा खरोखर कमी करतात. पण ऑपरेटरच्या पडद्यावर तिथे एक काळा ठोकळा दिसतो, तो बॅग थांबवतो आणि उघडतो किंवा पुन्हा मशीनमधून फिरवतो. उघडली तर तुमचे काम झाले, फिरवली तर फायदा निम्मा गेला. सीटी मशीनमध्ये पिशवीवर विसंबू नये. चेक-इन बॅगेत तर ती ठेवूच नका, संशयित जागेवर तीव्र झोत टाकणाऱ्या मशीनला ती आपण होऊन जागा दाखवते.

न नेणे हाच उपाय जिथे शक्य आहे

जिथे जाता तिथे फिल्म घ्या आणि निघण्यापूर्वी तिथेच धुऊन घ्या. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातील कूचा चौधरी, कोलकात्यात मेट्रो गल्ली इथे फोटोच्या सामानाची दुकाने आहेत. धुतलेली निगेटिव्ह कोणत्याही मशीनमधून आणा. स्कॅन तिथे करायची गरज नाही, फक्त धुणे महत्त्वाचे.

कुरिअर हा सुटकेचा मार्ग वाटतो, पण विमानाने जाणारे पार्सलही स्कॅन होते आणि तिथे हाताने तपासा म्हणायला तुम्ही नसता. ‘न धुतलेली फिल्म, एक्स-रे करू नये’ असे लेबल लावा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. देशातल्या देशात लॅबला रोल पाठवायचे असतील तर रस्त्याने जाणारी सेवा मागा आणि पावतीवर तसे लिहून घ्या. दोन दिवस उशीर परवडतो. मात्र मे महिन्यात तापलेल्या गोदामात रोल आठवडाभर पडून राहणार असेल तर तोही फॉगच.

गेलेल्या रोलचे काय करता येते

रोल सीटीतून गेला हे धुण्यापूर्वी माहीत असेल तर हातात थोडे आहे. अजून वापरला नसेल तर एक स्टॉप जास्त एक्स्पोजर (दुप्पट प्रकाश) द्या, ४०० ची फिल्म २०० वर वापरा. सावल्या फॉगच्या वर उचलल्या जातात. पुश अजिबात नको. कृष्णधवल फिल्म कमी फॉग देणाऱ्या डेव्हलपरमध्ये धुवा, एचसी-११० यासाठी चांगला. लिटरभर वापराच्या द्रावणात बेंझोट्रायाझोलचे १ टक्क्याचे द्रावण १० मिली घालता येते. फॉग थोडा दबतो, पण फिल्मचा वेगही थोडा उतरतो. म्हणून आधी तुकड्यावर प्रयोग करा. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ पद्धतीत असले काही घालू नका, रंगांचे थर वेगवेगळे वागतात. लॅबला फक्त ‘नेहमीची वेळ, पुश नाही’ एवढे सांगा, म्हणजे ३८ अंशाला सव्वातीन मिनिटे.

स्कॅन करताना एकसारखा करडेपणा काढता येतो. प्रत्येक फ्रेमचा काळा बिंदू वेगळा ठरवा, तिन्ही रंगांच्या वाहिन्यांत स्वतंत्रपणे. सावल्यांतला रंग सुधारत नसेल तर कृष्णधवल करा, वाढलेला दाणा तिथे कमी खटकतो. स्लाइड फिल्मवर फॉग उलटा दिसतो, काळा भाग विरळ आणि फिकट होतो, तिथे सुधारायला वाव फार कमी. लाटेचा पट्टा मात्र निघत नाही. आकाशावर किंवा भिंतीवर पट्टा आला असेल तर हाताने रंगछटा जुळवून तो झाकता येतो, चेहऱ्यावर आला तर ती फ्रेम सोडून द्यावी.

सीटीतून गेलेले, पण न वापरलेले रोल टाकून देऊ नका. खूण करून वेगळ्या डब्यात ठेवा. नव्याने घेतलेल्या जुन्या कॅमेऱ्याचे शटर, प्रकाशगळती, फ्रेममधले अंतर तपासायला ते उत्तम, आणि टाकीत रोल गुंडाळायचा सराव करायलाही.